मोटारीवरील डांबर घासू नये, विरघळवावे

पानिपत : १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाची स्मृती जपणाऱ्या काला आंब येथील स्मारकाला भेट देण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे पानिपतला येतात. स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांच्या वाट्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ येतो. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हाच महामार्ग नागपूर आणि हिंगणघाटवरूनही जातो. एवढ्या लांबच्या वाटेवर कोठे ना कोठे डांबरीकरण चालू असतेच. ताज्या डांबरावरून चाक गेले की त्याचे शिंतोडे चाकामागील पत्र्यावर, दरवाजांच्या खालच्या बाजूस आणि मागील बंपरवर बसतात. हे काळे ठिपके पाण्याने निघत नाहीत, आणि ते खरवडण्याच्या घाईत मोटारीच्या रंगाची कायमची हानी होते.

डांबर पाण्याला का दाद देत नाही, याचे उत्तर त्याच्या उत्पत्तीत आहे. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे केल्यावर तळाशी जो जड, चिकट भाग उरतो, त्यापासून रस्त्याचे डांबर, म्हणजेच बिटुमेन, मिळते. पानिपतजवळ १९९८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातही ते तयार होते. कपाटात ठेवण्याच्या डांबरगोळ्या ज्यावरून ओळखल्या जातात, ते डांबर मात्र दगडी कोळशापासूनचे, ते निराळे. बिटुमेन तेलाच्याच कुळातले असल्याने ते पाण्यात मिसळत नाही, पण तेलकट द्रवात विरघळते. म्हणून येथे मनगटाचा जोर नव्हे, तर योग्य द्रावक आणि थोडा धीर कामी येतो.

जोर लावणे महाग का पडते, हे समजण्यासाठी रंगाची जाडी पाहावी. आजच्या मोटारीवर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि त्यावर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. मोटारीची चमक या शेवटच्या थरावर अवलंबून असते आणि त्याची जाडी साधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. डांबराच्या ठिपक्यात वाळूचे बारीक कण अडकलेले असतात. सुकी फडकी फिरवली की हेच कण पॉलिश कागदाप्रमाणे काम करतात.

डांबर काढण्यासाठी प्रथम मोटार सावलीत उभी करून पत्रा पूर्ण थंड होऊ द्यावा. रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरण बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस असतो. उन्हाळ्यात पत्रा त्याहून अधिक तापतो, डांबर पसरते आणि द्रावक काम करण्याआधीच उडून जातो. त्यानंतर भरपूर पाणी व कार शॅम्पूने धूळ काढून तो भाग कोरडा करावा.

मोटारींसाठी मिळणारा ‘टार रिमूव्हर’ सर्वांत सोयीचा. तो नसल्यास रंगाच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइन किंवा उपलब्ध असल्यास स्वच्छ रॉकेल चालते. जे वापरायचे ते आधी दाराच्या आतील कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी थोडेसे लावून पाहावे. मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड त्यात भिजवून ठिपक्यावर मिनिटभर नुसते ठेवावे. डांबर तपकिरी होऊन पाझरू लागले की हलक्या हाताने एकाच दिशेने टिपून घ्यावे आणि दर वेळी कापडाची नवी बाजू वापरावी. हट्टी ठिपक्यासाठी हीच कृती पुन्हा करावी. खाद्यतेलानेही ठिपका मऊ पडतो, फक्त वेळ अधिक लागतो. शेवटी तो भाग शॅम्पूने धुऊन तेलकटपणा काढावा आणि मेणाचा हात द्यावा, कारण द्रावकाबरोबर आधीचे मेणही निघून जाते.

ब्लेड, चाकू, तारेची घासणी आणि भांड्यांची पूड यांना मोटारीजवळ आणू नये. थिनर व नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोनयुक्त द्रव टाळावेत. दुरुस्तीनंतर बाहेर मारून घेतलेला रंग त्यांनी विरघळू शकतो. नव्याने रंगवलेल्या भागावर काही आठवडे कोणताच द्रावक लावू नये. दिव्यांच्या पॉलिकार्बोनेट काचांना द्रावकाने बारीक तडे जातात, तर रबराच्या पट्ट्या फुगतात. तेथे तो लागू देऊ नये.

पेट्रोलचा मोह विशेषेकरून टाळावा. रॉकेलची वाफ साधारणपणे ३५ अंशांच्या वर पेट घेण्याजोगी होते, तर पेट्रोलची उणे ४० अंशांच्या आसपासच. म्हणजे हिवाळ्याच्या सकाळीही एक ठिणगी पुरेशी असते. शिवाय पेट्रोलमधील बेंझिन शरीरास घातक आहे. रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरतानाही हातमोजे घालावेत, जागा हवेशीर असावी आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा शेगडी नसावी. वापरलेले कापड उघड्यावर वाळवून मगच टाकावे. उरलेला द्रव गटारात ओतू नये.

डांबर जितके जुने, तितके ते कडक होते आणि फिक्या रंगावर पिवळट डाग सोडते. म्हणून ठिपके दिसले की पुढच्या मुक्कामीच ते काढावेत. डांबरीकरण चालू असेल तेथे वेग कमी ठेवून पुढच्या वाहनापासून अंतर राखल्यास बहुतेक शिंतोडे उडतच नाहीत.