माहितीपत्रकातील मायलेज आणि देवनहळ्ळीचा रस्ता

वाहनकर्जाचा अर्ज भरताना आपले ग्राहक गाडीची किंमत, व्याजदर आणि मासिक हप्ता यांची बारकाईने चौकशी करतात. इंधनाचा खर्च मात्र बहुधा माहितीपत्रकातील एका आकड्यावर सोपवला जातो. लहान परंतु चपळ मोटारीच्या बाबतीत हा आकडा विशेष जपून वाचणे अगत्याचे ठरते.

उदाहरणादाखल फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घेऊ. पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी 2013 मध्ये बाजारात आली. 2022 मध्ये पोलोचे भारतातील उत्पादन थांबले, तरी जुन्या मोटारींच्या बाजारात तिचे चाहते आजही आढळतात. आरंभीच्या गाडीचे इंजिन 1197 सीसीचे, म्हणजे जेमतेम 1.2 लिटरचे. त्यातून 105 अश्वशक्ती आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क मिळे. सोबत सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. इंधनक्षमता लिटरमागे 17.2 किलोमीटर अशी प्रमाणित होती.

टॉर्क म्हणजे चाके फिरवणारा जोर. या इंजिनात तो मिनिटाला 1500 फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो, म्हणून गाडी चटकन उसळी घेते. हे श्रेय टर्बोचार्जरचे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर एक छोटा पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. बंगळुरूजवळील देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी याचा आणखी एक लाभ होतो. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते. साध्या इंजिनाची शक्ती त्या प्रमाणात घटते. टर्बोचार्जर ही तूट बरीचशी भरून काढतो.

परंतु जादा हवेबरोबर जादा पेट्रोलही लागते. 105 अश्वशक्ती आणि 17.2 किलोमीटर हे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकाच वेळी मिळत नाहीत!

मायलेजची चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-जास्त करून ती घेतली जाते. पोलोच्या काळातील चाचणीत कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असे आणि वातानुकूलन यंत्रणा बंद ठेवली जाई. आता बंगळुरू शहरातून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे निघालेला चालक पाहा. हेब्बाळच्या कोंडीत यंत्रणा चालू ठेवून तो थांबत-थांबत सरकतो. त्या वेळी पेट्रोल जळते, किलोमीटर वाढत नाहीत. पुढे रस्ता मोकळा मिळताच पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. वेग 80 वरून 100 वर गेला की हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर मायलेज आणखी थोडे उतरते. जुनी गाडी घेणाऱ्याने ती या इंधनास योग्य आहे का, हे तिच्या पुस्तिकेत अवश्य पाहावे.

हिशेब रुपयांत मांडू. महिन्याला 1000 किलोमीटर धाव आणि पेट्रोल लिटरला 100 रुपये धरू. 17.2 च्या हिशेबाने 58 लिटर लागतील. प्रत्यक्षात 12 किलोमीटरच मिळाले, तर 83 लिटर. फरक दरमहा सुमारे 2,500 रुपयांचा, आणि पाच वर्षांच्या कर्जमुदतीत दीड लाखाचा. कर्जाची रक्कम ठरवताना हा आकडा हप्त्याशेजारी लिहून पाहावा.

स्वतःच्या गाडीचे खरे मायलेज काढणे अवघड नाही. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. काही दिवसांनी, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा पूर्ण भरावी. मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. असे तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी. जुनी गाडी पसंत करताना विकणाऱ्याकडे अशी नोंदवही असेल, तर ती आधी मागून घ्यावी.