नेमका शब्द, नेमकी माहिती

जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी भेडाघाट आहे. तेथील संगमरवराचे उंच कडे आणि धुवांधार धबधबा प्रसिद्ध आहेत. समजा, या स्थळावर तुम्हांला निबंध लिहायचा आहे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याजवळ दर वेळी शिक्षक किंवा ग्रंथालय असतेच असे नाही. अशा वेळी इंटरनेटवरील शोधयंत्र, म्हणजेच सर्च इंजिन, उपयोगी पडते. मात्र त्याला विचारावे कसे, हे माहीत असले पाहिजे.

शोधयंत्र असंख्य पाने आधीच वाचून, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करून ठेवते. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही असते. फक्त ती अवाढव्य असते. आपल्या मनातील हेतू यंत्राला दिसत नाही. त्याच्यापुढे असतात ते आपण लिहिलेले शब्द. नुसते 'धुवांधार' लिहिले, तर पावसाच्या आणि क्रिकेटमधील फलंदाजीच्या बातम्याही समोर येतील. 'धुवांधार धबधबा नर्मदा' असे लिहिले, की शोध नेमका होतो. गूगलमध्ये नको असलेला शब्द वगळताही येतो. त्यासाठी त्या शब्दाला जोडून आधी वजाचे चिन्ह द्यावे. जसे, धुवांधार -पाऊस.

लेखनभेदही ध्यानात घ्यावेत. मराठीतील 'भेडाघाट' हिंदीत 'भेड़ाघाट' असा नुक्ता देऊन लिहितात. जुन्या इंग्रजी ग्रंथांत तो 'भेराघाट' असाही आढळतो. आपले 'चौसष्ट' हिंदीत 'चौंसठ' होते. शोधयंत्र जवळची रूपे काही प्रमाणात ओळखते. तरीही दोन्ही रूपांनी शोधून पाहावे. शब्द त्याच क्रमाने हवे असतील, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत. चौसष्ट योगिनींची मंदिरे खजुराहो, मितावली आणि ओडिशातील हिरापूर येथेही आहेत. म्हणून "चौसष्ट योगिनी" भेडाघाट असे स्थळासह लिहिणे योग्य.

माहिती सापडली म्हणजे काम संपले असे नाही. भेडाघाटचे योगिनी मंदिर कलचुरी राजवटीतील, दहाव्या शतकातील आहे. नावावरून कोणीही तेथे ६४ योगिनी आहेत असे लिहील. प्रत्यक्षात तेथील वर्तुळाकार रचना ८१ योगिनींची आहे. तसेच, भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. संभाव्य यादी म्हणजे जागतिक वारसा यादी नव्हे, हा फरक घाईत लिहिलेल्या मजकुरात सहज पुसला जातो. म्हणून पहिल्याच निकालावर किंवा यंत्राने तयार केलेल्या सारांशावर विसंबू नये. मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कशाच्या आधारे लिहिला, हे पाहावे. एकमेकांवरून उतरवलेली दहा पाने मिळाली, तरी आधार एकच असतो.

करून पाहा : आपल्या गावाजवळच्या एखाद्या जुन्या वास्तूची माहिती तीन वेगवेगळ्या शब्दयोजनांनी शोधा. कोणत्या बाबतीत निकालांमध्ये मतभेद दिसतात, ते वहीत नोंदवा आणि त्यांतील अधिक विश्वसनीय कोणता, ते कारणासह लिहा.