वाळूवरची रिकामी घरे

समुद्रकिनाऱ्यावर जाऊन शंख-शिंपले गोळा केले नाहीत, असे मूल शोधूनही सापडणार नाही. खिसे भरतात, ओढणीचे टोक भरते आणि घरी आल्यावर सगळे एका डब्यात जाते. पण डब्यातला कोणता शंख कोणाचा, हे तुम्हांला सांगता येईल का?

प्रत्येक शंख किंवा शिंपला हे एका मऊ अंगाच्या प्राण्याचे घर असते. या प्राण्यांना मृदुकाय प्राणी म्हणतात. त्यांच्या अंगात हाडे नसतात. पाण्यातील क्षार घेऊन ते स्वतःभोवती कठीण कवच तयार करतात. प्राणी वाढतो, तसे कवचही कडेने वाढत जाते. प्राणी मेला, की त्याचे रिकामे घर लाटांबरोबर किनाऱ्याला लागते.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जा. कवच दोन झाकणांचे असेल, तर तो शिंपला. उर्दूत तुम्ही त्याला सीप म्हणता. ही झाकणे बिजागरीसारखी जोडलेली असतात. प्राणी मेल्यावर ती सुटतात, म्हणून वाळूवर बहुधा एकच झाकण मिळते. कोकणातल्या मुलांना काही शिंपले ताटातूनच ओळखीचे असतात. तिसऱ्या गोलसर त्रिकोणी असतात. शिणाणे लांबट, हिरवट आणि एका टोकाला निमुळते असतात. कालव मात्र खडबडीत आणि वेडेवाकडे! त्याचे एक झाकण खडकाला घट्ट चिकटलेले असते. कधी कधी कागदासारखा पातळ, चपटा आणि गोल शिंपला सापडतो. तो उजेडाकडे धरा, प्रकाश आरपार दिसेल. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले बसवलेले आहेत.

शिंपल्याच्या बिजागरीजवळ कधी एक गोल, सुबक भोक दिसते. ते माळेसाठी कोणी पाडलेले नाही. चंद्रशंख नावाची शिकारी गोगलगाय वाळूत शिंपल्याला पकडते. ती आपल्या अंगातील रसाने कवच मऊ करते, दातेरी जिभेने खरवडून भोक पाडते आणि आतला जीव खाऊन टाकते. गुळगुळीत, फुगीर, लहान चेंडूसारखा शंख जवळच पडलेला दिसला, तर ते या शिकाऱ्याचे घर समजा.

आता शंखाकडे वळू. शंख एकाच तुकड्याचा आणि पिळाचा असतो. त्याचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या बाजूला आलेले दिसेल. बहुतेक सगळे शंख असेच असतात. डाव्या तोंडाचा शंख मिळाला, तर तुमचे नशीब थोर!

कवडी हीसुद्धा शंखच आहे, पण तिचा पीळ वाढीबरोबर आत झाकला जातो. तिचे तोंड म्हणजे खालच्या बाजूची दातेरी फट. जिवंतपणी प्राणी आपल्या कातडीची घडी कवडीवरून पसरतो, म्हणून ती इतकी चकचकीत राहते. पूर्वी मालदीव बेटांवरच्या कवड्या नाणी म्हणून चालत. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने त्या व्यवहाराचे वर्णन केले आहे. नाणे गेले, पण ‘फुटकी कवडी’ मराठीत राहिली आणि ‘फूटी कौडी’ उर्दूत.

एका शंखापासून मात्र सावध राहा. तो आइस्क्रीमच्या कोनासारखा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता असतो. त्यावर सुंदर नक्षी असते. आतला प्राणी जिवंत असेल, तर तो विषारी दात भाल्यासारखा फेकतो. परदेशात त्याच्या मोठ्या जातींच्या दंशाने माणसे दगावली आहेत. आपल्याकडेही या शंखाचे काही प्रकार सापडतात. पाण्यातला असा शंख मुळीच उचलू नका, खिशात तर नकोच.

आणखी एक गोष्ट. रिकामा वाटणारा शंख प्रत्येक वेळी रिकामा नसतो. संन्यासी खेकड्याचे पोट मऊ असते. ते वाचवण्यासाठी तो रिकाम्या शंखात राहतो आणि मोठा झाला, की मोठा शंख शोधतो. काही शंखांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली २००१ सालापासून संरक्षण आहे. असे शंख जवळ बाळगणे गुन्हा आहे.

म्हणून सापडलेला शंख आधी ओल्या वाळूवर ठेवा आणि दोन मिनिटे गप्प बसा. आत कोणी असेल, तर आधी दोन बारीक मिशा बाहेर येतील, मग पाय दिसतील आणि तुमचा शंख पाण्याकडे चालू लागेल.