लघवीतून रक्त गेले तर ‘उन्हाळी’ म्हणून सोडू नका



लघवी लाल झाली की आपण “उन्हाळी लागली” म्हणतो, सब्जाचे पाणी पितो आणि विसरतो. परंतु काही दुखत नसताना रक्त जाणे ही मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. ते एकदा दिसते, मग कित्येक महिने दिसत नाही. माणूस फसतो तो इथेच.

दहांपैकी नऊ रोग्यांत हा रोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. मुख्य कारण बिडी-सिगारेट. धुरातील विष रक्तातून लघवीत उतरते व मूत्राशयात साठून राहते. दुसरे कारण काही रंगरसायने. १८९५ साली जर्मनीत डॉ. रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला. तो वीस-वीस वर्षांनीही उमटतो. म्हणून सिल्वासाच्या कारखान्यांत रसायने हाताळणाऱ्या आपल्या मुलांनी हातमोजे टाळू नयेत.

उरलेले प्रकार दुर्मिळ आहेत. त्यांतील एक, मूत्राशयाला वर्षानुवर्षे टोचणी लागल्याने होतो : जुना मुतखडा, वारंवार होणारा जंतुदोष, कायम बसवलेली लघवीची नळी. इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांत तो अनेक दशके फार होता. गोड्या पाण्यातील गोगलगायींत वाढणारा एक जंत कातडीतून शिरतो आणि त्याची अंडी मूत्राशयात रुततात. आपल्या कोकणातही, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात, डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी १९५२ साली या जंताचे रोगी नोंदवले. मात्र भातखाचरात उतरणाऱ्यांनी घाबरू नये. हा जंत भारतात सर्रास आढळत नाही. आणखी एक विरळा प्रकार बेंबी व मूत्राशय यांना जोडणाऱ्या, गर्भातील नळीच्या अवशेषात होतो. त्यात रोग्याची काहीच चूक नसते.

आमचे सांगणे एवढेच :

१. रक्त एकदाच दिसले, तरी विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवा. लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्या. गरज वाटल्यास डॉक्टर दुर्बिणीने आत पाहतात.

२. मुतखडा अंगावर काढू नका.

३. बायकांचे रक्त “पाळीचे असेल” किंवा “जंतुदोष असेल” म्हणून राहून जाते. औषध घेऊनही थांबले नाही, तर पुन्हा जा.

४. बिडी सोडा. कितीही वर्षांची सवय असली, तरी सोडल्यावर धोका उतरत जातो.

रोग वेळीच सापडला, तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच गाठ काढता येते. भीक घालायची नाही ती फक्त लाजेला.