आचार्य अत्रे : रंगभूमीवरील शिक्षक

नाटक व चित्रपट ही केवळ करमणुकीची साधने होत, मुलांच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांतून अद्यापही ऐकू येतो. आमच्या मते प्रल्हाद केशव अत्रे यांचे चरित्र हे त्यास पुरेसे उत्तर आहे.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळील कोढीत या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे ते मुख्याध्यापक झाले, लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाची पदविका मिळविली, आणि पुढे मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ रचली.

१९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले. एकेका छंदाने पछाडलेल्या माणसांचे ते घर पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. परंतु ते घर आपलेच आहे, हेही त्यांस उमगले. ‘घराबाहेर’ (१९३४) व ‘उद्याचा संसार’ (१९३६) या नाटकांनी विवाहित स्त्रीवरील अन्याय त्याच प्रेक्षकांपुढे गंभीरपणे मांडला. १९३८ साली मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटाची कथा अत्रे यांचीच. तीत ब्रह्मचर्याच्या पोकळ प्रतिज्ञेची थट्टा आहे.

काव्याने होणारा उपदेश कांतेच्या बोलासारखा गोड असतो, असे मम्मटाचार्यांनी सांगितले आहे. अत्रे यांनी त्यात हास्याची भर घातली. दोष दाखविणाऱ्याचा राग येतो. हसविणाऱ्याचे मात्र माणूस ऐकून घेतो.

याच विनोदी पुरुषाने १९५३ साली ‘श्यामची आई’ हा चित्रपट निर्माण व दिग्दर्शित करावा, हे पुष्कळांस नवल वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. साने गुरुजीही शिक्षकच होते. एका शिक्षकाचे पुस्तक दुसऱ्या शिक्षकाने पडद्यावर आणिले. वनमालाबाईंची आई व माधव वझे यांचा श्याम पाहून घरोघरची माणसे रडली. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच दिले गेले, तेव्हा ते या चित्रपटास लाभले. पाठोपाठ ‘महात्मा फुले’ हा त्यांचा चित्रपट आला. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ने फिरत्या रंगमंचावर एका भामट्याची अनेक सोंगे दाखवून भोळ्या समाजास सावध केले.

‘नवयुग’ व ‘मराठा’ या पत्रांतून त्यांच्या लेखणीने प्रतिपक्षावर तुटून पडताना अनेकदा मर्यादा सोडली, हे नाकारता येणार नाही. तो भाग मुलांनी गिरवावा असे आम्ही म्हणणार नाही.

१३ जून १९६९ रोजी अत्रे निवर्तले. शाळा त्यांनी पूर्वीच सोडली होती. शिकविणे मात्र अखेरपर्यंत सुटले नाही. आमच्या वाचकांनी एखाद्या रविवारी मुलानातवंडांस जवळ घेऊन ‘श्यामची आई’ पाहावा. चित्रपट संपल्यावर मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे देताना करमणूक कोठे संपली आणि शिक्षण कोठे सुरू झाले, हे सांगणे वडील मंडळींस कठीण जाईल.