शेड कार्डाआधीच्या सात टाक्या

नगर रस्त्याने वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत शिरताना नजर जाते ती मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९८५ सालचा. त्याच्या आगेमागे सुटे भाग पुरवणारे आले, एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारखी नावे छत्रपती संभाजीनगरच्या याच परिसरात मोठी झाली, आणि या पुरवठादारांनाही माल करून देणारी छोटी छोटी शेड आतल्या रस्त्यांवर उभी राहिली. पावडर कोटिंग हा त्यांतलाच एक धंदा. ब्रॅकेट, पॅनेलची पेटी, खिडकीचे ग्रील, लोखंडी कपाट असे काहीही तिथे काळे-करडे येते आणि रंगीत, गुळगुळीत होऊन जाते. त्यामुळे हा धंदा रंगाऱ्याचा, असा सर्वांचा समज आहे. गिऱ्हाईक आले की आधी रंगछटांचे शेड कार्ड मागते, मग चौरस फुटाचा भाव विचारते. हा समजच मुळात चुकीचा आहे. पावडर कोटिंगमध्ये रंग हे शेवटचे आणि त्यातल्या त्यात सोपे काम. लोखंड टिकते ते रंग चढण्याआधी त्याचे काय झाले यावर, आणि नेमके तेच कुणी विचारत नाही.

तंत्र फार जुने नाही. जर्मनीच्या एर्विन गेमर यांनी १९५३ मध्ये हवेने उकळत्या पाण्यासारखी खळबळणारी कोरडी पावडर आणि तीत बुडवलेली तापलेली वस्तू, या पद्धतीचे पेटंट मागितले. पुढच्या दशकात विजेची गन आली आणि धंद्याला आजचे रूप मिळाले. रंगद्रव्य आणि राळ एकत्र वितळवून, थंड करून, दळून केलेली ही पावडर असते. त्यात थिनर नसते. गनच्या टोकाशी साठ ते शंभर हजार व्होल्टचा दाब असतो. तिथून भारित होऊन निघालेला कण अर्थिंग दिलेल्या लोखंडाकडे ओढला जातो आणि चिकटून बसतो. जो चिकटत नाही तो बूथमधून खेचून घेऊन पुन्हा वापरता येतो. ओल्या रंगाच्या फवाऱ्यात वाया गेलेले थेंब असे परत मिळत नाहीत. मग माल ओव्हनमध्ये जातो. साधारण १८० ते २०० अंशांना दहा-पंधरा मिनिटांत पावडर वितळते, पसरते आणि रासायनिक क्रियेने कायमची घट्ट होते. तयार थर साठ ते ऐंशी मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. कौशल्य इथेही लागते. आतल्या कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोचत नाही म्हणून पावडर शिरत नाही, आणि हूकवर जुन्या रंगाची पुटे चढली की अर्थिंग तुटते. तरीही हे सारे हाताला थोड्या सरावाने जमते.

हीच पावडर जगात एका अगदी वेगळ्या जागी वापरली जाते. अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांवर लाल, हिरवे, निळे पावडरचे थर भाजतात. शिसे वितळते ३२७ अंशांना, पावडर २०० अंशांच्या आत पक्की होते, म्हणून हे जमते. उघडे शिसे मऊ असते. ते नळीच्या आतल्या खाचांना घासून तिथेच माखते. त्यावर जुना उपाय मेण-चरबीचा, सैन्याच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच, आणि हौशी माणसाला परवडणारा नवा उपाय हा प्लास्टिकसारखा थर. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, तेव्हा हा छंद वाळूजला येण्याचा प्रश्न नाही. उदाहरण घेतले ते तुलनेसाठी. त्या गोळीवरच्या थराचे काम सेकंदाच्या बारीकशा अंशात संपते. नळीतून बाहेर पडेपर्यंत तो टिकला म्हणजे झाले. पाऊस, खारी हवा, दगडाचा टवका यांतले काहीच त्याला सोसायचे नसते. शिसे लोखंडासारखे गंजून पापुद्रे धरत नाही, त्यामुळे थराखाली फार मोठी तयारी नसली तरी चालते. मोटारसायकलच्या कॅरिअरला मात्र दहा-बारा पावसाळे काढायचे असतात. दोन्हींवरची पावडर एकाच जातीची असू शकते, चकाकीही सारखीच. फरक आहे तो सगळा पावडरीखाली.

त्या खालच्या कामाला धंद्यात ‘सेव्हन टँक प्रोसेस’ म्हणतात. पहिल्या टाकीत तेल-ग्रीस काढायचे, मग धुवायचे, आम्लाच्या टाकीत गंज उतरवायचा, पुन्हा धुवायचे, फॉस्फेटच्या टाकीत बुडवायचे, पुन्हा धुवायचे, शेवटी तो थर पक्का करणारे पॅसिव्हेशन. क्रम शेडगणिक थोडा बदलतो, गाभा तोच. यातली फॉस्फेटची टाकी खरी मानकरी. तिच्यातले आम्ल लोखंडाचा पृष्ठभाग किंचित खाते आणि त्याच जागी जस्ताच्या फॉस्फेटचे न विरघळणारे बारीक स्फटिक उगवतात. करड्या, मळकट दिसणाऱ्या या थराला सौंदर्य नाही. पण त्याच्या खडबडीत अंगावर पावडर पकड घेते, आणि उद्या रंगाला चरा पडलाच तर गंज चऱ्यापाशी अडतो, रंगाखालून सरपटत जात नाही. आपल्या कल्हईवाल्याला हे तत्त्व पुस्तकाशिवाय माहीत होते. तो भांडे आधी वाळूने घासून लखलखीत करी, तापवी, नवसागर भुरभुरवी आणि मगच कथील फिरवी. दिसायचे ते कथील. पण पृष्ठभागावरची ऑक्साइडची पुटे नवसागराने काढली नसती तर ते धरलेच नसते. टाक्या चुकवलेली पावडर म्हणजे नवसागराशिवायची कल्हई.

यावर शेडवाल्याचे उत्तर ठरलेले असते आणि ते सरळ उडवून लावण्यासारखे नाही. घरातल्या कोरड्या खोलीत उभ्या राहणाऱ्या कपाटाला सात टाक्या कशाला? कापडाने पुसून, थिनर फिरवून रंग मारला तर भाव निम्मा होतो आणि गिऱ्हाईक खूश. कपाटापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. अडचण अशी की तोच भाव मग बाल्कनीच्या ग्रीललाही लावला जातो. नव्या मालात फरक दिसत नाही. ब्लेडने चौकडी मारून टेप ओढण्याची साधी चाचणी न धुतलेला मालही अनेकदा पहिल्या दिवशी पास करतो. बिंग फुटते ते मिठाच्या धुक्यात. तिथे रंगावर मुद्दाम चरा पाडून पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा ३५ अंशांना शेकडो तास मारतात आणि गंज चऱ्यापासून किती मिलिमीटर आत घुसला ते मोजतात. वाहन कंपनी ही चाचणी मागते म्हणून तिच्या मालाला टाक्या मिळतात. ग्रील लावणारा मागत नाही म्हणून त्याच्या वाट्याला वरून कीर्तन, आतून तमाशा येतो. डाय-कास्ट ॲल्युमिनियमची तऱ्हा आणखी वेगळी: त्याच्या पोटातल्या छिद्रांत अडकलेली हवा ओव्हनमध्ये बाहेर पडते आणि रंगावर टाचणीएवढी भोके पाडते. तिथे दोष रंगाचा नसतो, तरी शिव्या रंगालाच बसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, पाण्याचा. मराठवाड्यात तीन-तीनदा माल धुण्याची प्रक्रिया हवी कुणाला? एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचे २५ टक्क्यांपर्यंत कापायला लावले होते. जायकवाडी आटले की वसाहतही आटते. शिवाय फॉस्फेटच्या टाकीत तळाशी बसणारा गाळ २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो; तो नाल्यात सोडता येत नाही, अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. पण याचे उत्तर टाक्या गाळणे हे नव्हे. शेवटच्या धुण्याचे स्वच्छ पाणी उलटे आधीच्या टाकीत आणले की वापर बराच उतरतो. झिर्कोनियमवर आधारलेली नवी रसायने खोलीच्या तापमानाला चालतात, फॉस्फेटचा गाळ करत नाहीत आणि काही टाक्याही वाचवतात. म्हणजे सात हा आकडा पवित्र नाही. धातू स्वच्छ करून त्यावर पकडीचा थर उगवणे, एवढेच सोडता येत नाही. आणि दोन-तीन वर्षांत पोपडे निघालेले ग्रील घासून पुन्हा रंगवायलाही पाणी, वीज आणि पावडर लागतेच, हा हिशेब आक्षेप घेणारे सहसा मांडत नाहीत.

रंगाबद्दल विचारण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती छटेची नव्हे. भडक पिवळ्या-नारिंगी औद्योगिक रंगांत शिशाचे क्रोमेट वापरण्याची जुनी रीत आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण तो तेवढ्याच रंगांपुरता. बागेतल्या घसरगुंडीवर भाजलेली पिवळी पावडर त्यात बसेलच असे नाही. तेव्हा मुलांचा हात लागेल अशी वस्तू असेल तर शिसेमुक्त पावडरीचा दाखला मागा. आणि वस्तू उन्हापावसात राहणार असेल तर शेडमध्ये गेल्यावर शेड कार्ड बाजूला ठेवून आधी टाक्या दाखवायला सांगा. त्या कोरड्या असतील तर माल परत गाडीत घाला.