एक्सएसएलटीचे संदर्भग्रंथ कसे वापरावेत?

एक्सएमएल ही मजकुराच्या प्रत्येक भागास खुणेने नाव देणारी पद्धती होय. वग्ग, सुत्त, गाथा असे भाग तीत वेगळे दाखविता येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचा तिपिटकाचा संगणकीय पाठ याच रूपात आहे. अशा मजकुरापासून वाचनीय पान वा सूची तयार करण्याचे काम १९९९ साली प्रमाणित झालेली एक्सएसएलटी ही भाषा करते.

भाषेचे नियम शिकल्यावरही नित्याच्या अडचणी उरतातच. त्यांसाठी साल मँगानो यांच्या 'एक्सएसएलटी कुकबुक' (२००२) सारखे ग्रंथ उपयोगी पडतात. त्यात प्रश्न, उत्तर व चर्चा असा क्रम आहे. पुष्कळ जण उत्तर तेवढे उतरवून घेतात. आमच्या मते येथेच चूक होते.

समजा, विखुरलेल्या गाथा विषयवार मांडावयाच्या आहेत. १.० आवृत्तीत गट पाडण्याची थेट सोय नव्हती. 'की' नावाची निर्देशसूची बांधून प्रत्येक गटातील पहिला घटक शोधावा लागे. ही युक्ती स्टीव्ह म्यूंच यांच्या नावाने ओळखली जाते. २००७ च्या २.० आवृत्तीने त्यासाठी स्वतंत्र आज्ञाच दिली. परंतु 'एक्सएसएलटीप्रॉक' हे साधन १.० च जाणते; तेथे नवे उत्तर निरुपयोगी ठरते.

म्हणून वाचकांनी प्रथम आपल्या साधनाची आवृत्ती पाहावी, नंतर चर्चा वाचावी, उत्तर शेवटी घ्यावे. कारण उमगले म्हणजे उत्तर गरजेप्रमाणे बदलता येते. नुसते उतरविलेले उत्तर पुढच्याच प्रश्नापाशी अडते.